गाठीची प्रतवारी आणि केंद्रकातला डीएनए

जठर आणि आतड्यांच्या भिंतीत वाढणाऱ्या लांबट पेशींच्या गाठी विसाव्या शतकात बराच काळ अनैच्छिक स्नायूंच्याच मानल्या गेल्या. निरुपद्रवी गाठ म्हणजे लायोमायोमा, घातक गाठ म्हणजे लायोमायोसार्कोमा. पंचाईत होती ती या दोहोंत फरक करण्याची. न्यूयॉर्कचे पॅथॉलॉजिस्ट आर्थर पर्डी स्टाउट यांनी १९६२ मध्ये जठरातल्या अशा ६९ विचित्र गाठींचा अभ्यास प्रसिद्ध केला. दिसायला भयंकर असूनही त्यांतल्या बहुतेक पसरल्या नव्हत्या. उलट, एखादी साळसूद दिसणारी गाठ काही वर्षांनी यकृतात डोके वर काढी.

प्रतवारीसाठी मुख्य आधार दोनच: गाठीचा आकार आणि विभाजन चालू असलेल्या पेशींची संख्या. सूक्ष्मदर्शकाखाली काचपट्टी सरकवत पन्नास क्षेत्रे तपासायची आणि अशा पेशी मोजायच्या. काम किचकट; शिवाय मोजणारा बदलला की आकडाही बदले.

म्हणूनच डीएनएच्या मोजमापाचे आकर्षण वाटले. फॉयल्गेन यांचे डीएनए रंगवणारे रसायन १९२४ पासून ठाऊक होते, पण खरी सोय झाली ती १९८३ मध्ये. डेव्हिड हेडली आणि सहकाऱ्यांनी मेणात जतन केलेल्या जुन्या गाठींवर फ्लो सायटोमेट्री करून दाखवली. मेणाच्या ठोकळ्याचे जाडसर काप काढायचे, मेण विरघळवायचे, पेप्सिनने ऊती पचवून केंद्रके मोकळी करायची, ती रंगवून एकेक करून प्रकाशझोतासमोरून सोडायची. जितका डीएनए जास्त, तितकी चमक जास्त. निरोगी पेशींचा उंचवटा आलेखावर ठरलेल्या जागी येतो. गुणसूत्रांचा हिशेब बिघडलेल्या पेशींचा वेगळ्या जागी. रुग्णाचे पुढे काय झाले हे आधीच माहीत असलेल्या गाठी कपाटांत पडून होत्याच. अधिक घातक प्रतीच्या गाठींत हा बिघाड जास्त आढळला. मात्र डीएनएचे प्रमाण नेहमीचे असूनही काही गाठी पसरत, त्यामुळे एवढ्यावरच निदान सोपवणे धोक्याचे होते.

त्याच १९८३ मध्ये माझूर आणि क्लार्क यांनी मुळावरच बोट ठेवले: जठरातल्या अशा अनेक गाठींत स्नायूपेशींच्या खुणाच सापडत नव्हत्या. १९९८ मध्ये जपानच्या हिरोता आणि सहकाऱ्यांनी त्यांच्यात किट जनुकातले बदल दाखवले. आतड्याच्या हालचालींना ताल देणाऱ्या काहाल पेशींशी त्यांचे नाते जुळले आणि जीआयएसटी (गॅस्ट्रोइंटेस्टिनल स्ट्रोमल ट्यूमर) हे निदान रूढ झाले. खरा लायोमायोसार्कोमा पचनमार्गात दुर्मीळच ठरला. त्यापूर्वीच्या डीएनए-मोजणीत दोन्ही रोग एकाच नावाखाली मिसळलेले असल्याने ते आकडे आज जसेच्या तसे वापरता येत नाहीत. आकार आणि विभाजनांची मोजणी मात्र जीआयएसटीचा धोका ठरवताना अजूनही होते.