जुना कॉम्प्युटर अपग्रेड करायचा की नवीन घ्यायचा? पैसे टाकण्याआधी हे तपासा

मोबाईल स्लो झाला की आपण नवीन घेतो, कारण मोबाईलची रॅम घरी बदलता येत नाही. हीच सवय घेऊन आपण कॉम्प्युटरकडेही बघतो. घरातला सात-आठ वर्षांचा पीसी सुरू व्हायला पाच मिनिटं घेतो, मग सगळे म्हणतात, "आता नवीनच घेऊया."

थांबा! कॉम्प्युटर स्लो होणं आणि कॉम्प्युटर कालबाह्य होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यावर बऱ्याचदा स्वस्तात इलाज होतो, दुसऱ्यावर होत नाही. आपला पीसी नेमका कुठे बसतो, ते कसं ओळखायचं ते पाहूया.

पाच मिनिटांची तपासणी

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात 'परफॉर्मन्स' हा भाग उघडा आणि नेहमीची कामं करत आकडे बघा.

- डिस्क: सारखी १०० टक्क्यांवर असेल आणि तिच्याखाली एचडीडी लिहिलं असेल, तर अडचण हार्ड डिस्कची आहे.
- मेमरी: ८०-९० टक्क्यांच्या वर राहत असेल, तर रॅम कमी पडतेय. किती स्लॉट भरलेत आणि किती रिकामे, हेही बहुतेक वेळा इथेच दिसतं.
- सीपीयू: साध्या कामातही सतत १०० टक्के असेल, तर आधी कोणता प्रोग्रॅम तो खातोय ते बघा. असा कोणताच प्रोग्रॅम सापडला नाही, तर प्रोसेसर खरंच थकलाय.

एसएसडी: सगळ्यात आधी हाच बदल

हार्ड डिस्कमध्ये तबकडी फिरते आणि एक हात पुढे-मागे सरकत फाइल शोधतो. एसएसडीमध्ये फिरणारा भागच नसतो. हार्ड डिस्क सेकंदाला साधारण १०० ते १५० एमबी वाचते, तर साधी साटा एसएसडी ५०० एमबीच्या आसपास. छोट्या छोट्या फाइल शोधण्यात तर फरक आणखी मोठा असतो, आणि विंडोज सुरू होताना नेमकं तेच चालू असतं.

जुन्या लॅपटॉपमध्ये २.५ इंची साटा एसएसडी हार्ड डिस्कच्याच जागी बसते. थोड्या नव्या मशीनमध्ये एनव्हीएमई एसएसडीसाठी एम.२ स्लॉट असू शकतो. मात्र एम.२ स्लॉट दिसला म्हणून त्यात एनव्हीएमई चालेलच असं नाही. काही स्लॉट फक्त साटाचे असतात, म्हणून मॉडेल नंबर टाकून आधी खात्री करा.

आणि हो, डिस्क बदलण्याआधी फोटो आणि कागदपत्रांचा बॅकअप घ्या. हे काम उद्यावर ढकलू नका.

रॅम किती आणि कोणती?

ब्राउझर, ऑनलाइन क्लास आणि ऑफिसच्या कामाला ८ जीबी चालते. कॉम्प्युटर पुढची अनेक वर्षं वापरायचा असेल तर १६ जीबी बरी. डीडीआर३, डीडीआर४ आणि डीडीआर५ एकमेकांच्या जागी बसत नाहीत, त्यांची खाच वेगवेगळ्या जागी असते. जुनी पट्टी काढून दुकानात सोबत न्या म्हणजे चूक होणार नाही.

एक गोष्ट लोक विसरतात. विंडोज ३२-बिट असेल तर ४ जीबीच्या वरची रॅम वापरलीच जात नाही. अशा वेळी आधी ६४-बिट विंडोज टाकावी लागते.

खरी अडचण: विंडोज ११

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. ईएसयू योजनेत नोंदणी केलेल्या घरगुती पीसींना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा अपडेट देण्याचं मायक्रोसॉफ्टने जाहीर केलं. अपडेट नसलेल्या पीसीवर नेट बँकिंग करणं म्हणजे घराला कुलूप न लावता गावाला जाणं.

विंडोज ११ साठी टीपीएम २.० आणि साधारणपणे इंटेलची ८ वी पिढी किंवा एएमडी रायझन २००० मालिका, किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. आय५-८२५०यू या नावात डॅशनंतरचा ८ म्हणजे आठवी पिढी. आय५-७२००यू असेल तर तो यादीबाहेर. मायक्रोसॉफ्टचं 'पीसी हेल्थ चेक' हे मोफत ॲप सरळ हो किंवा नाही सांगतं. टीपीएममुळे 'नाही' आलं तर लगेच निराश होऊ नका. काही पीसींमध्ये ते असतं, पण बायोसमध्ये बंद ठेवलेलं असतं.

प्रोसेसरच बसत नसेल तर? वेब, व्हिडिओ आणि अभ्यासासाठी लिनक्स मिंट मोफत टाकता येतं. टॅलीसारखं विंडोजवरचंच सॉफ्टवेअर लागत असेल, तर मात्र नवीन मशीनचा विचार करा.

नवीन घेताना काय बघाल?

- रॅम सोल्डर केलेली आहे का? माहितीपत्रकात एलपीडीडीआर लिहिलं असेल तर ती बहुतेक वेळा बोर्डावर चिकटवलेली असते, नंतर वाढत नाही. असा लॅपटॉप घ्यायचाच असेल तर सुरुवातीलाच १६ जीबीचा घ्या.
- प्रोसेसरच्या नावाला भुलू नका. रायझन ५ ७५२०यू हे नाव नवं वाटतं. पण त्यातला तिसरा आकडा २ आहे, म्हणजे आतली रचना झेन २. ती २०१९ मध्ये आली होती.
- जागा लागत नसेल तर डेस्कटॉप घ्या. त्यात एक भाग बिघडला तर तेवढाच बदलता येतो.
- डेस्कटॉपसोबत यूपीएसचे पैसे धरा. सारखी लाईट जात असेल तर अचानक बंद पडण्याने डिस्कवरचा डेटा बिघडू शकतो.

थोडक्यात निर्णय

विंडोज ११ चालत असेल तर एसएसडी आणि गरजेपुरती रॅम टाका, नवीन पीसीचे पैसे वाचतील. चालत नसेल तर जुन्या मशीनवर मोठा खर्च करू नका. आणि नवीन घ्याल तेव्हा दुकानदाराला एक प्रश्न नक्की विचारा: "यात पुढे काय काय बदलता येईल?" 'काहीच नाही' असं उत्तर आलं, तर आणखी दोन मॉडेल बघा.