जुनेर

संपादिकाबाईंनी या स्मरणिकेसाठी लेख मागितला, तेव्हा "मला काय लिहिता येणार?" म्हणून मी नेहमीप्रमाणे टाळाटाळ केली. त्या म्हणाल्या, "गेल्या संक्रांतीला बोललात तेच लिहून द्या." म्हणून हे धाडस करीत आहे.

भगिनींना आठवत असेल, गेल्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आपण एक अट घातली होती. प्रत्येकीने निदान तीस वर्षांपूर्वीचे काहीतरी नेसून, घालून किंवा हाती घेऊन यावे. त्या दिवशी आपल्या सभागृहात काय काय आले! कोणाची आईची इरकली, कोणाचे आजीच्या खणाचे पोलके, कोणी साठ-पासष्ट सालची नायलॉनची साडी नेसून आलेली. हातात मण्यांच्या पर्सेस, खटक्याची काळी कातडी पर्स, आणि आपण मुलींना हौसेने विणायला शिकविलेल्या प्लॅस्टिकच्या वायरच्या पिशव्यासुद्धा. आपल्या सुना आणि नाती म्हणाल्या, "हल्ली हीच फॅशन आहे. याला व्हिंटेज म्हणतात." आम्ही म्हाताऱ्या एकमेकींकडे पाहून हसलो. कारण जुन्या नेसूला आमच्याकडे फार पूर्वीपासून शब्द आहे, जुनेर. फरक इतकाच, की आमच्या लहानपणी जुनेर नेसणे हे ओढगस्तीचे लक्षण होते आणि आज ते हौसेचे झाले आहे. हा पालट कसा झाला, ते मला उमगले तसे येथे मांडते.

प्रथम पर्सविषयी. आपल्या पणज्यांना हातातल्या पर्सची गरजच नव्हती. सुटे पैसे पदराच्या गाठीला, नोट कनवटीला, किल्ल्यांचा जुडगा कमरेला. बाकी उरले ते बटव्यात किंवा चंचीत. चंची म्हणजे पानसुपारीची कापडी घडी. तिला कप्पे असत, एकात पान, एकात सुपारी, एकात चुना-कात. गुंडाळायची आणि बंदाने बांधायची. बटव्यात सुंठ, वेखंड, जायफळ, मुरुडशेंग असे बाळगुटीचे सामान असे. 'आजीबाईचा बटवा' हा शब्द त्यातूनच आला. गंमत अशी, की युरोपातील स्त्रियांचीही तीच कथा. अठराव्या शतकात त्यांचे खिसे झग्याच्या आत कमरेला बांधलेले असत. शतकाच्या शेवटी अंगाबरोबरचे पातळ झगे निघाले, आत खिसे लपेनात, आणि तेव्हा नाडीची छोटी पिशवी हाती आली. आपल्या बटव्याचीच ती बहीण.

आपल्याकडे पर्स आली ती स्त्री घराबाहेर पडू लागल्यावर. १९०९ साली रमाबाई रानड्यांच्या पुढाकाराने पुण्यात सेवासदन निघाले, १९१६ साली कर्व्यांनी महिला विद्यापीठ काढले. शिकायला, शिकवायला, रुग्णसेवेला बायका जाऊ लागल्या. वही, पेन, पगार, रेल्वेचे तिकीट, हे काही कनवटीला मावेना.

नेसण्यातला बदलही याच वाटेने आला. १८६४ साली सत्येंद्रनाथ टागोरांच्या पत्नी ज्ञानदानंदिनी देवी पतीबरोबर मुंबईस आल्या. येथील पारशी स्त्रियांची नेसण्याची रीत त्यांनी पाहिली, तीत फेरफार केला आणि बंगालात नेली. बाहेर वावरताना सोयीची आणि सभ्य दिसेल अशी साडी त्यांना हवी होती. आपल्या आनंदीबाई जोशी १८८३ साली अमेरिकेस गेल्या. नऊवारीत पोटऱ्या उघड्या राहतात आणि तेथील थंडी सोसवत नाही, म्हणून त्यांनी गुजराती पद्धतीने नेसण्याचे ठरविले. घरच्या रीतीचा अभिमान असलेल्या मुलीला ते सोपे गेले नसणार. पुढे शहरांतून गोल पातळ रूढ झाले, तेव्हा त्यावरही टीका झालीच. म्हणजे ज्याला आज आपण परंपरा म्हणून जपतो, ते पाचवारी पातळ एके काळी नवी फॅशन होती!

आता जुनेराकडे वळते. माझी आई सांगे, लुगड्याला माणसासारखेच आयुष्य असते. नवे असताना सणाला, मग गावाला जाताना, मग रोज घरात. लुगडे विरते ते मध्ये, बसण्याउठण्याच्या जागी. काठपदर धड असतात. तो विरलेला भाग आडवा कापून काढायचा आणि दोन धड तुकडे जोडायचे. याला दंड घालणे म्हणत. दंडाची शिवण ओच्यात किंवा निऱ्यांत अशी बसवायची, की चारचौघींत दिसू नये. दंडाचेही लुगडे विरले की त्यातून मुलीचे परकर-पोलके, मग बाळंतिणीची आणि बाळाची दुपटी, मग गोधडीचा थर, आणि शेवटी पोतेरे. बाळाला मुद्दाम जुनेरच लागे, कारण धुऊन धुऊन मऊ झालेल्या सुती कापडाची सर नव्याला नाही.

महायुद्धात १९४३ साली कापडावर नियंत्रण आले. आई त्या काळच्या 'कंट्रोलच्या कापडा'च्या गोष्टी सांगे. इंग्लंडातही १९४१ ते १९४९ कपड्यांचे रेशन होते, आणि फाटके सांधून कसे वापरावे हे सांगणारी पुस्तिका तेथील सरकारने १९४३ साली छापली. आपल्या आज्यांना अशा पुस्तिकेची गरज पडली नाही. ती विद्या त्यांच्या बोटांत होती.

पण सगळेच जुने कापड असे झिजून गेले नाही. काही न वापरता नाहीसे झाले, आणि त्यातले एक माझ्या हातून. संक्रांतीला मी हे अर्धेच सांगितले होते. आज पुरते सांगते.

माझ्या आजेसासूबाईंचे माहेर येवल्याकडचे. लग्नात त्यांना राघू रंगाची पैठणी मिळाली होती. पैठणीची वीण आपण जाणताच. नक्षीतल्या प्रत्येक रंगासाठी धाग्याची वेगळी कांडी लागते आणि मोर, कमळ, आसावली हे सारे विणकर हाताने भरतो. म्हणून खऱ्या हातमागाच्या पैठणीचा पदर दोन्ही बाजूंनी सारखा दिसतो. एकेका साडीला काही आठवड्यांपासून कित्येक महिने लागतात. जुन्या पैठणीची जर म्हणजे चांदीची तार, वर सोन्याचा मुलामा.

आजेसासूबाईंनी ती पैठणी फार तर पाच-सहा वेळा नेसली असेल. विशी उलटते न उलटते तोच त्यांचे कुंकू पुसले गेले. त्या काळच्या रूढीप्रमाणे रंगीत वस्त्र, जर, काठ सारे संपले. पैठणी पेटीत गेली ती पन्नास वर्षे पेटीतच राहिली. दर दसऱ्यानंतर त्या ती उन्हाच्या तिरिपेपासून जपून सावलीत पसरीत, घडी बदलीत आणि पुन्हा ठेवीत. एका वर्षी पदराचे टोक उंदराने कुरतडले. तेव्हा त्यांनी कुरतडलेला भाग काढला, धड राहिलेल्या वीतभर पट्टीचा एक बटवा शिवला आणि माझ्या लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला, १९७५ साली, माझ्या हाती दिला. म्हणाल्या, "मला काही नेसता आली नाही. तू निदान हा तरी चारचौघींत मिरव." मला तेव्हा खांद्याला लावायच्या रेक्झिनच्या पर्सचे आकर्षण होते. बटवा मी कपाटात ठेवून दिला.

१९७८ साली त्या गेल्या. १९८० च्या जानेवारीत चांदीचा भाव जगभर आकाशाला भिडला. अमेरिकेत दोन धनाढ्य भावांनी चांदीचा साठा करून भाव चढविला होता, असे पुढे वाचले. आमच्या गल्लीत मात्र त्याची खबर जुनी जर विकत घेणाऱ्याच्या आरोळीने आली. घरात धाकट्या नणंदेचे लग्न ठरलेले, हाती पैसा नाही. सासूबाईंनी मला विचारले, "काय करू या?" मी म्हटले, "पेटीत पडून तरी काय उपयोग?" आजही ते वाक्य कानात वाजते.

त्या माणसाने ओट्यावर बसून काठ आणि पदर कात्रीने कापून घेतला. बुट्टे विरळ होते म्हणून अंगाचे रेशीम आम्हाला परत दिले. काठपदर लोखंडी घमेल्यात जाळला. धूर निघाला, राख झाली, राखेतून चांदी निघाली ती त्याने तोलली. सारा कारभार तासाभराचा. त्या पैशांत नणंदेच्या लग्नाची स्टीलची भांडी आली. ती अजून तिच्या स्वयंपाकघरात आहेत, आणि ती सुखात आहे. म्हणून मी सासूबाईंना किंवा स्वतःला सर्वस्वी दोष देत नाही. गरजेला मोल असतेच. पण तो पदर कोणा विणकराने किती दिवस बसून विणला असेल, आणि एका बाईने न नेसता पन्नास वर्षे कसा जपला, हे त्या तराजूत कोठेच नव्हते. आम्हीही ते तोलले नाही.

आज काय दिसते? १९८४ च्या सुमारास पॅरिसच्या एका पेढीने जेन बर्किन या नटीसाठी एक काळी कातडी पर्स बनविली. ती तिने सुमारे दहा वर्षे रोज वापरली. तीवर ओरखडे आहेत, चिकटविलेल्या चित्रांचे डाग आहेत. तीच पर्स जुलै २०२५ मध्ये पॅरिसच्या लिलावात ८६ लाख युरोंना गेली. बोहारणीने तिच्या बदल्यात एक वाटी तरी दिली असती की नाही, कोण जाणे! आपल्या पैठणीलाही २०१० साली भौगोलिक मानांकन मिळाले आणि जुन्या पैठण्या लोक शोधत फिरतात. भाव असा फिरतो. म्हणून केवळ भावावर भरवसा ठेवून काही राखू नये आणि काही मोडूही नये.

संक्रांतीच्या दिवशी आणखी एक गोष्ट घडली. आपल्याच एका भगिनीने आईची वाकळ शालीसारखी पांघरून आणली होती. त्या म्हणाल्या, "आमच्याकडे पैठणी कधी नव्हतीच. आमचे जुने ते हेच." बोटाने दाखवून त्यांनी तीतली लुगडी एकेक करून सांगितली. हे आईचे, हे आत्याचे, हे मावशी मजुरीला जाताना नेसायची ते. त्या दिवशीचे सर्वांत जाणते जुनेर तेच होते, असे मला वाटते. जुने घालण्याची फॅशन फक्त जरीच्या पेटीवाल्यांची नाही.

तरुण मुलींना अनुभवाच्या चार गोष्टी सांगते. जुनी रेशमी साडी टांगून ठेवू नका, वजनाने ती फाटते. धुतलेल्या सुती कापडात गुंडाळा, आणि दर काही महिन्यांनी घडी बदला, कारण रेशीम प्रथम घडीवरच तुटते. डांबराच्या गोळ्या जरीला लागू देऊ नका. अत्तर अंगाला लावायचे असेल तर नेसण्यापूर्वी लावा. नेसल्यावर पदराला पिन टोचायचीच तर खाली कापडाची पट्टी घ्या. आणि धड साडी कापून तिचा कुडता किंवा पर्स करू नका. फाटलेल्याची करा, जरूर करा. आजेसासूबाईंनी केले ते तसेच. त्यांनी उंदराने खाल्लेलेच कापले, आम्ही धड कापले.

अंगाच्या त्या रेशमाचे मी मुलीला परकर-पोलके शिवले होते. तो परकर अजून आहे. आणि बटवा? संक्रांतीच्या आदल्या दिवशी नात कपाट धुंडाळीत होती, तिला तो सापडला. "आजी, एवढी सुंदर पर्स तू कधी वापरली का नाहीस?" मी काय सांगणार? तिने त्यात आपला मोबाइल घालून पाहिला, तो नीट मावला. पैसे, किल्ली, रुमाल घातले आणि जीन्सवर तो बटवा मनगटाला अडकवून ती आपल्या हळदीकुंकवाला आली. अनेकींनी तिला विचारले, "कोठून घेतलास गं?" पन्नास वर्षांनी तो बटवा चारचौघींत मिरवला, आणि जिने शिवला तिच्या नावाने मी त्या दिवशी एक वाण अधिक दिले.

आपल्या मंडळाच्या या पन्नासाव्या वर्षात माझी एकच सूचना आहे. प्रत्येकीने आपल्या घरातल्या एका जुन्या वस्त्राची हकिकत, ते कोणाचे, कोणी घेतले, कधी नेसले, एका कागदावर लिहून त्या वस्त्राच्या घडीत ठेवावी. वस्त्र आज ना उद्या विरणारच. पण पुढची मुलगी ते अंगावर घेईल तेव्हा कोणाचे घेते आहे, हे तिला ठाऊक असावे. मी माझा कागद बटव्यात घातला आहे.