पाट्यांच्या मुलखातली कॉइल

जबलपूरची व्हेइकल फॅक्टरी १९६९ मध्ये सुरू झाली. तिथल्या शक्तिमान ट्रकला आणि जोंगा जीपला पुढेही सरळ आखच. भार पेलायचा तो पाट्यांनी, म्हणजे लीफ स्प्रिंगांनी. पिकअपची पुढची कॉइल बदलताना जो धोका उभा राहतो, त्याचे मूळ मला निष्काळजीपणापेक्षा या पाट्यांवर काम करून हाताला लागलेल्या वळणात दिसते. चेसिसखाली घोड्या लावून चाके लोंबू दिली, की पाट्यावरचा भार जवळपास संपतो. यू-बोल्ट सोडणारा हात त्याच भरवशावर तयार होतो. कॉइल मात्र चाक लोंबले तरी खालच्या आर्मवर दाबलेलीच राहते. बॉल जॉइंट सुटताच ती साठलेली ताकद एका क्षणात बाहेर फेकते.

कोणी म्हणेल, पाटा तरी कुठे गरीब गाय आहे? सेंटर बोल्ट काढताना थर उसळतातच. खरे आहे, पण ते क्लॅम्पमध्ये धरून हळूहळू उघडता येतात. दुसरा आक्षेप अधिक वजनदार: कुर्ल्यात बनणाऱ्या फियाटला पुढे कॉइलच होती, मग हे काम नवे कसे? फियाट हलकी मोटार. मालवाहू गाडीच्या कॉइलची तार जाड, आणि बाकी मापे तीच असतील तर कडकपणा जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. त्यामुळे मोटारीवर निभावलेली पहार इथे चालत नाही. कॉइलला कंप्रेसर किंवा आवळलेली साखळी हवी, आर्मखाली जॅक हवा, आणि आर्म उतरवायचा तो जॅकनेच, इंचाइंचाने.