सोडून दिलेले रूळ आणि खडीची वाट

आजचा विषय एका सायकलवाटेचा इतिहास हा आहे असे कळताच माझ्या एका वयोवृद्ध स्नेह्यांनी विचारले, “यात इतिहास कसला? वाट असते, माणूस तिच्यावरून जातो, झाले!” शंका रास्त आहे. परंतु वाट कोणाच्या जमिनीतून जाते आणि तिच्यावरून जाण्याचा हक्क कोणी कोणाला दिला, हे विचारू लागले की गाडी थेट कोर्टात जाऊन थांबते. बांधाच्या हातभर जमिनीसाठी भाऊभाऊ आयुष्यभर भांडलेले ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हे निराळे सांगायला नको.

अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात, मिनिॲपोलिस शहराच्या पश्चिमेस, मिनेटोंका नावाचे विस्तीर्ण सरोवर आहे. हॉपकिन्स गावाहून निघून या सरोवराच्या काठाकाठाने सुमारे पंधरा मैलांची एक वाट व्हिक्टोरिया गावापर्यंत जाते. मध्येच पाणी चमकते, मध्येच दाट झाडी लागते आणि शेवटी कार्व्हर नावाचे मोठे राखीव उद्यान येते. वाटेवर डांबर नाही; चुनखडीच्या दगडाचा बारीक चुरा दाबून बसविलेला आहे. अशा वाटांसाठी अलीकडे एक निराळीच सायकल निघाली आहे. तिला तिकडे ‘ग्रॅव्हल बाइक’ म्हणतात. आपण खडीची सायकल म्हणू. हँडल शर्यतीच्या सायकलीसारखे खाली वळलेले, पण टायर चाळीस मिलिमीटरच्या आसपास रुंद आणि त्यात हवा बेताची, म्हणजे खडीवर चाक उसळत नाही. २००६ साली कॅन्सस राज्यातील एम्पोरिया येथे खडीच्या रस्त्यांवरून दोनशे मैलांची शर्यत सुरू झाली, तेव्हा तीस-चाळीस जणच उतरले होते. पुढे तेथे हजारोंची गर्दी होऊ लागली.

मौज अशी की, आज ज्या खडीसाठी लोक हौसेने डांबर सोडून जातात, तीच खडी मिळावी म्हणून यांचे पणजोबा सरकारदरबारी खेटे घालीत होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत रेल्वे उत्तम आणि रस्ते भिकार अशी स्थिती होती. पाऊस पडला की खेड्यातली वाट म्हणजे चिखलाची खाचर. सहा औंसांहून जड दगड रस्त्यावर घालू नये, हा स्कॉटलंडच्या मॅकॅडमचा नियम विलायतेत जुना झाला होता. अमेरिकेतील खेड्यांपर्यंत तो पोचला नव्हता. १८८० साली तेथील सायकलस्वारांनी ‘लीग ऑफ अमेरिकन व्हीलमेन’ नावाची संस्था काढली आणि १८९२ पासून ‘गुड रोड्स’ हे मासिक चालविले. शेतकरी प्रथम चिडले. शहरातल्या शौकिनांनी रविवारी चाकावर बसून हिंडावे आणि खडीचा कर आम्ही भरावा, हा कुठला न्याय? (त्यांचे अगदीच चुकले होते असे मला वाटत नाही.) तरीही १८९३ मध्ये केंद्र सरकारने शेतकी खात्यात रस्त्यांच्या चौकशीची कचेरी उघडली आणि १८९६ पासून टपाल खेडुतांच्या दारात पोचू लागल्यावर शेतकऱ्यालाही पक्क्या रस्त्याची गोडी लागली.

यानंतर जे घडले ते त्या सायकलस्वारांच्या स्वप्नातही नव्हते. १९१६ साली रस्त्यांना केंद्राचे साहाय्य देणारा पहिला कायदा झाला. त्याच वर्षी अमेरिकेतील लोहमार्गांची लांबी अडीच लाख मैलांच्या वर, म्हणजे आपल्या परमोच्च बिंदूस पोचली होती. त्यानंतर रस्ते वाढत गेले आणि रूळ घटत गेले. सायकलवाल्यांनी मागून घेतलेल्या रस्त्यांवर मोटार चढून बसली. तिने सायकलीला कडेला लोटले आणि आगगाडीचे उतारूही पळविले.

पण मेलेली रेल्वे मागे एक गोष्ट ठेवून जाते. तीस-चाळीस मैल अखंड जाणारा, पूल-बोगद्यांसह तयार असलेला जमिनीचा अरुंद पट्टा! इंजिनाला चढ सोसत नाही, म्हणून शंभर फुटांत दोन-तीन फुटांहून जास्त चढ सहसा ठेवीत नसत. सायकल चालविणाऱ्याच्या गुडघ्यांना याहून अधिक काय हवे? मिनेटोंकासारख्या सरोवरांच्या काठाने रूळ गेले, त्याचेही कारण उघड आहे. १८८०च्या सुमारास तेथे मोठाली हॉटेले उभी राहिली होती आणि शहरातले सहलकरी आगगाडीने तेथे जात.

हे प्रथम ध्यानी आले विस्कॉन्सिन राज्यात. एलरॉय ते स्पार्टा हा बत्तीस मैलांचा लोहमार्ग १८७३ मध्ये बांधला होता. त्यावर तीन बोगदे, पैकी एक पाऊण मैलाचा. हिवाळ्यात आतल्या पाण्याचा बर्फ होऊन दगड फुटू नयेत म्हणून बोगद्यांना भलेमोठे लाकडी दरवाजे बसविलेले. १९६४ मध्ये गाड्या बंद झाल्या, पुढच्या वर्षी राज्याने पट्टा विकत घेतला आणि १९६७ मध्ये चुनखडीचा चुरा पसरून तो लोकांना खुला केला. दरवाजे तसेच राहिले.

शिकागोजवळ हेच काम पत्राने झाले. मे वॅट्स या सत्तरीला आलेल्या वनस्पतिशास्त्रज्ञ बाईंनी इंग्लंडमधील सार्वजनिक पायवाटा पाहिल्या होत्या. १९६३ मध्ये त्यांनी ‘शिकागो ट्रिब्यून’ला पत्र लिहून, बंद पडलेल्या विद्युत्-रेल्वेचा पट्टा मोटारतळांनी व घरांनी गिळण्यापूर्वी वाचवा, असे कळविले. त्यातून इलिनॉय प्रेअरी पाथ ही वाट निघाली.

सर्वत्र मात्र पट्टा रेल्वेच्या मालकीचा नव्हता. पुष्कळ ठिकाणी शेतकऱ्याने फक्त वहिवाट दिली होती. गाडी बंद होताच जमीन आपली, असा त्याच्या नातवाचा दावा. म्हणून १९८३ मध्ये काँग्रेसने कायद्यात एक युक्ती घातली. रूळ उखडले, गाडी गेली, तरी पुढे कधी रेल्वे लागलीच तर पट्टा परत देऊ, अशा बोलीवर कोणी तेथे वाट सांभाळीत असेल, तर रेल्वे मेली असे समजू नये. ती निजली आहे असे समजावे. ज्यांनी दत्तकविधानाचे खटले ऐकले आहेत, त्यांना कायद्याच्या अशा कल्पनांचे नवल वाटणार नाही.

व्हर्माँट राज्यात बर्लिंग्टन येथे शँप्लेन सरोवराजवळ राहणाऱ्या एका दांपत्याला मात्र ते वाटले. १८९९ साली रेल्वेला मिळालेला पट्टा त्यांच्या जमिनीतून जात होता; १९७५ मध्ये रूळही काढले होते आणि आता तेथून सायकली जाऊ लागल्या. १९९० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितले की कायदा वैध आहे. भरपाई मागावयाची तर निराळी मागा. १९९६ मध्ये वरिष्ठ न्यायालयाने ती देणे सरकारवर बंधनकारक ठरविले. वाट लोकांची झाली, पण फुकट नव्हे. मला हा निकाल शहाणपणाचा वाटतो. गाडीसाठी जमीन देणाऱ्या आजोबांनी सायकलीला होकार दिला होता असे म्हणणे म्हणजे त्यांच्या तोंडी शब्द घालणे होय.

आणि निजलेली रेल्वे जागी झाली तर? मिनेटोंकाकाठचा पट्टा हेनेपिन काउंटीच्या रेल्वे मंडळाने घेतला तो सायकलीसाठी नव्हे. पुढेमागे तेथे हलकी विद्युत्-रेल्वे आणता यावी म्हणून. म्हणून तर वाटेच्या नावातच ‘एल. आर. टी.’ ही त्या रेल्वेची आद्याक्षरे आहेत. याच मंडळाचा दुसरा एक पट्टा हॉपकिन्सहून शहराकडे, सीडर आणि आयल्स या दोन सरोवरांच्या मधून जातो. तेथे डांबरी वाट होती. लोक वर्षानुवर्षे फिरले, मुलांना तेथेच सायकल शिकविली, शेजारच्यांनी वाटेकडे दारे काढली. २०१९ मध्ये वाट बंद करून यंत्रे आली आणि विद्युत्-रेल्वेचे काम सुरू झाले. आराखड्यात रुळांशेजारी सायकलवाटही धरलेली होती. तरी आमची वाट हिरावली म्हणून काठावरच्या रहिवाशांनी सभांमधून आणि कोर्टातून कडवा विरोध केला. मंडळाने आपल्या बाजूने कागद दाखविला: पट्टा १९८४ मध्ये रेल्वेसाठीच घेतला होता.