बॉनेटखालची खंडेनवमी

आश्विन शुद्ध नवमीस शस्त्रे म्यानाबाहेर काढावीत, त्यांवर वर्षभरात चढलेला गंज घासून उतरवावा, तेलाचा हात फिरवून ती पाटावर मांडावीत आणि गंधफूल वाहून दुसऱ्या दिवशी सीमोल्लंघनास निघावे, असा जो खंडेनवमीचा परिपाठ मराठी मुलखात चालत आला, त्यातील शस्त्रे कालांतराने संस्थानिकांच्या शिलेखान्यांत जाऊन पडली. पण नवमी काही ओस पडली नाही. सुताराने वाकस आणि करवत मांडली, छापखान्यातील यंत्रांना झेंडूच्या माळा चढल्या, आणि ज्यांच्या दारी मोटार आली त्यांनी बॉनेट उघडले. अंधेरी-बोरिवलीपासून घाटकोपर-मुलुंडपर्यंतच्या आमच्या उपनगरांत मोटारीचे इंजिन घरच्या घरी धुण्याची जी रीत पडली, तिचे मूळ मी या नवमीत मानतो.

मोटार केवळ धनिकांची होती तोवर तिची देखभाल ड्रायव्हर आणि क्लीनर यांजकडे असे, जसा पागेतील घोड्यास खरारा करण्याचा जिम्मा मोतद्दाराकडे असे. उपनगरांची गोष्ट निराळी. १९५० मध्ये जोगेश्वरी व भांडुपपर्यंतचा आणि १९५७ मध्ये दहिसर व मुलुंडपर्यंतचा मुलूख बृहन्मुंबईत सामील झाला, सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या इमारती उठू लागल्या, आणि त्यांतील एखाद्या डॉक्टरच्या, वकिलाच्या किंवा बँकेतील अधिकाऱ्याच्या दारी वर्षानुवर्षे नंबर लावून एकदाची मोटार येऊन उभी राहू लागली. बादली आणि फडके घेऊन पहाटे बाहेरून गाडी पुसणारा मुलगा माहेवारी पैशांवर मिळे, परंतु बॉनेट उघडण्याची त्यास मुभा नसे. तो अधिकार मालकाने स्वतःकडे राखून ठेवलेला असे. मराठ्यांच्या फौजेत सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर आणि स्वतःचा घोडा बाळगणारा तो शिलेदार, असा भेद होता. या न्यायाने दसऱ्याच्या आदल्या सकाळी बनियन घालून इंजिनावर वाकलेला गृहस्थ शिलेदार ठरतो, आणि कंपनीने दिलेल्या मोटारीत मागे बसणारे साहेब बारगीर ठरतात. साहेबांनी राग मानू नये.

या शिलेदारांचे घोडे बहुधा कुर्ल्याचे. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली, आणि १९४७ साली तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून, अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीशी झालेल्या करारान्वये, पहिली मोटार बाहेर पडली. पुढे इटलीच्या फियाट कंपनीशी सख्य जुळले. १९५४ च्या सुमारास ‘फियाट ११००’ आली, दहा वर्षांनी ‘डिलाइट’, आणि सत्तरच्या दशकात तीच गाडी ‘प्रीमियर पद्मिनी’ या नावाने ओळखली जाऊ लागली. आग्रा रोड, म्हणजे आजचा लालबहादूर शास्त्री मार्ग, कुर्ल्याहून घाटकोपर, विक्रोळी, भांडुप करीत मुलुंडास जातो, आणि कारखान्यातील कित्येक कामगार याच वाटेवरच्या वस्त्यांतून राहत. त्यामुळे टॅपेट, पॅकिंग, पॉइंट हे शब्द या भागात गॅरेजाबाहेरही, चहाच्या टपरीवर आणि दळणाच्या रांगेत, सहज ऐकू येत.

धुण्याचा विधी मात्र सोपा नव्हता. इंजिन लांबीने बसवलेले असल्यामुळे दोन्ही बाजूंस हात शिरण्याइतकी जागा असे. गाडी रात्रभर उभी ठेवून इंजिन पूर्ण गार करावयाचे, कारण तापलेल्या धातूवर थंड पाणी पडले तर तडा जाण्याचे भय. मग बॅटरीची तार सोडवावयाची, डिस्ट्रिब्युटरवर आणि कार्ब्युरेटरच्या तोंडावर प्लॅस्टिकची पिशवी घट्ट बांधावयाची, आणि नंतर जुन्या डब्यात रॉकेल घेऊन रंगाच्या ब्रशाने वर्षभराचा तो काळा, चिवट लेप भिजवीत बसावयाचे. रॉकेल रेशनकार्डावर मोजून मिळे, म्हणून नवमीच्या सकाळी स्टोव्ह आणि फियाट यांच्यात जो तंटा उपस्थित होई, त्याचा निवाडा स्वयंपाकघरातच लागे आणि तो प्रायः मोटारीच्या विरुद्ध जाई. लेप सुटला की गिरण्यांतून निघणाऱ्या निरुपयोगी सुताच्या गुंत्याने, ज्याला सगळे ‘वेस्ट’ म्हणत, तो टिपून घ्यावयाचा. बॅटरीच्या टोकांवर धरलेली पांढरी-हिरवी बुरशी कोमट पाण्यात खाण्याचा सोडा कालवून उतरवावयाची आणि त्यांवर पेट्रोलियम जेलीचे बोट फिरवावयाचे. आणि शेवटी साबणाचे पाणी, तेही पाइपाने न सोडता तांब्याने, बेताबेताने. नळाला पाणी ठरल्या वेळीच येणाऱ्या वस्तीत ही काटकसर सक्तीची होती. रॉकेलाने रबर फुगते, नळ्या आणि पट्टे लवकर निकामी होतात, हे त्या पिढीस उशिरा कळले. डिझेलचे फडके फिरवून इंजिन चकाकविण्याची आणखी एक खोड होती. ती चकाकी आठवड्यात रस्त्याची सारी धूळ ओढून घेई.

पण या खटाटोपाचा हेतू शोभेचा नव्हताच. त्या काळच्या इंजिनास तेल पाझरण्याची उपजत सवय असे. टॅपेट कव्हरचे पॅकिंग दबले की तेलाचा घाम फुटे, त्यावर धूळ बसे, आणि मग पाझर कोठून आहे हे मेकॅनिकलाही उमगत नसे. नवमीस स्वच्छ पुसलेले इंजिन चार दिवस चालवून पुन्हा पाहिले, म्हणजे एकच ताजा ओघळ स्पष्ट दिसे आणि मालक गॅरेजवाल्यास बोट ठेवून जागा दाखवी. मुहूर्तही निसर्गक्रमास धरून होता. चार महिने दमट हवेत डिस्ट्रिब्युटरच्या झाकणात ओल धरे, सकाळी गाडी धक्क्यावाचून सुरू होत नसे. आश्विनाचे ऊन पडताच ते झाकण उतरवून कोरडे करावयाचे आणि पॉइंटला पॉलिश पेपर मारावयाचा, हे ओघानेच येई.

१९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली. तिचे इंजिन आडवे बसवलेले, जागा आटोपशीर, आणि तेल पाझरण्याचा स्वभाव तिच्यात नव्हता. १९९५ पासून चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींस कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बंधनकारक झाला, २००० साली धुराचे नियम आणखी कडक झाले, कार्ब्युरेटर गेला, आणि त्याच्या जागी संवेदके, संगणकाची पेटी आणि तारांचे जुडगे आले. ज्या पाण्याने इंजिन उजळत असे तेच पाणी आता तारांच्या जोडांत शिरून दिवा पेटवू लागले, आणि मालकाचा हात बॉनेटवरून हळूहळू निघाला.

तो हात पुन्हा एकदा बॉनेटकडे गेला तो २६ जुलै २००५ नंतर. त्या दिवशी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, मिठी नदी कालिना-कुर्ल्यात शिरली आणि उभ्या मोटारी छपरापर्यंत बुडाल्या. पाणी ओसरल्यावर ज्यांनी अधीरतेने किल्ली फिरविली त्यांच्या इंजिनांचे रॉड वाकले, कारण हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. ज्यांनी आधी बॉनेट उघडून डिपस्टिक ओढली आणि तेलाचा दुधाळ रंग पाहिला, ते थांबले आणि वाचले. यांत जुने फियाटवाले अधिक असतील असा माझा तर्क आहे, पुरावा नाही.

आज ओशिवऱ्यापासून मुलुंडपर्यंत हेच काम ‘डिटेलिंग’ नावाने चालते. वाफेची यंत्रे आहेत, रबरास न खाणारी द्रावणे आहेत, जोडांवर आवरणे घालण्याची शिस्त आहे, आणि कारागिरीत ते आमच्या रॉकेलाहून निःसंशय श्रेष्ठ आहे. अखेरीस प्लॅस्टिकवर ओल्यासारखे दिसणारे पॉलिश फिरवितात, ते मात्र मला रुचत नाही. ओले दिसणारे इंजिन ही आमच्या पिढीस तक्रारीची बाब होती. घरी इंजिन पुसणारेही पुन्हा दिसू लागले आहेत, परंतु त्याचे श्रेय बहुतांशी उंदरांस द्यावे लागेल. इमारतीखाली उभ्या गाडीच्या तारा ते इतक्या निष्ठेने कुरतडतात, की दर पंधरवड्यास बॉनेट उघडून लेंड्या झाडणे भाग पडते.

कुर्ल्याचा कारखाना शतक सरता सरता थंडावला. रस्त्यास ‘प्रीमियर रोड’ हे नाव तेवढे राहिले. पद्मिनीच्या अखेरच्या टॅक्सीची वीस वर्षांची मुदत २०२३ च्या ऑक्टोबरात संपली. येत्या नवमीस ज्यांना बॉनेट उघडावयाचे असेल त्यांनी इंजिन गार होऊ द्यावे, बॅटरीची निगेटिव्ह तार आधी सोडवावी, पाण्याचा पाइप दूर ठेवावा, आणि झेंडूची माळ फॅनपासून वीतभर लांब बांधावी.