टाचेचे तेल, चेहऱ्याचे तेल

गेल्या थंडीत सिंधुदुर्गनगरीच्या एस. टी. थांब्यावर एका विद्यार्थिनीने आम्हांस गाठले. प्रश्न भाषाविज्ञानाच्या पेपराविषयी असेल, असे वाटले होते; पण तिने पिशवीतून काचेची एक चिमुकली बरणी काढली. तीवर रोमन लिपीत 'कोकम बटर' असे छापलेले होते. मुंबईच्या मावशीने ती पाठवली होती. रात्री झोपताना चेहऱ्याला लावायला ती बरी वाटली. पण संपल्यावर पुन्हा विकत घेणे परवडणारे नव्हते. तेव्हा स्वस्तातले नैसर्गिक तेल कोणते, असा तिचा प्रश्न. आम्ही म्हणालो, "अगं, हे तर मुठेल." ती क्षणभर बरणीकडे पाहत राहिली आणि घरच्या बोलीत उतरून म्हणाली, "आजी टाचांक लावता ताच ह्या?"

तेच ते. आजीच्या टाचेपासून नातीच्या गालापर्यंतचे हे अंतर एका घरातले आहे. पण ते कापायला या तेलाला मुंबईला जाऊन यावे लागले. ते कसे घडले, याचा मागोवा घेण्याचा हा प्रयत्न.

प्रारंभ शब्दापासून करू. मराठीच्या अध्यापकांना दुसरी वाट सुचत नाही. 'तैल' म्हणजे मुळात तिळाचे ते. पण हा शब्द फार लवकर तिळापासून सुटला. वार्तिककार कात्यायनाला इंगुदीच्या तेलासारख्या शब्दांची सोय लावण्यासाठी 'तैल' हा जवळजवळ प्रत्ययच मानावा लागला. मराठीने त्याच्याही पुढे जाऊन 'तेल' झिजवले आणि केवळ '-एल' उरवले: खोबरेल, एरंडेल, करंजेल. या साऱ्या नावांत तेल ज्यापासून निघाले ती बी किंवा ते फळ पुढे उभे असते. मुठेल मात्र या पंक्तीत वेगळे बसते. मुठीने वळून ज्याचे गोळे करतात ते मुठेल, अशी उकल आमच्याकडची माणसे करतात, आणि ती पटण्याजोगी आहे. या नावात झाड नाही, बी नाही. करणाऱ्याचा हात आहे. खरे तर करणारीचा म्हणावयास हवे.

हा हात कोणते काम करीत असे, ते सांगणे आवश्यक आहे. कारण आमच्या वर्गातील अर्ध्याहून अधिक मुलांनी ते पाहिलेले नाही. रातांबे पिकतात ते ऐन उन्हाळ्यात. पाऊस पडण्याच्या आत साली वेगळ्या करून, रसात बुडवून, उन्हात सुकवून आमसुले करायची, ही घाई असते. आमसुलाला बाजार आहे, आगळाला आहे. मागे उरतात त्या बिया. त्या धुऊन सुकवून ठेवायच्या आणि सवडीने फोडून आतला गर कुटायचा. कूट पाण्यात घालून उकळले, की स्निग्धांश वर येतो. भांडे निवले की तो गोठतो. तो काढून, पुन्हा वितळवून, गाळून, हाताने गोळे वळायचे. गराच्या मानाने हाती येणारे तेल थोडे आणि श्रम पुष्कळ. पण त्या श्रमाची किंमत कोणी धरीत नसे, म्हणून तेल 'फुकट' पडे. स्वस्त तेलाचा इतिहास लिहिताना हा हिशेब विसरता कामा नये.

घाण्याचे तेल तेल्याकडून येई. कुलाब्याकडे हा व्यवसाय करणारे बेने इस्रायली शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून 'शनवार तेली' म्हणून ओळखले जात, हे पुष्कळांना ठाऊक असेल. घाण्याला जात आहे, बैल आहे, दाम आहे. इतिहासात त्याची नोंद आहे. मुठेलाला केवळ चूल आणि टोप लागे. साहजिकच त्याची नोंद आपल्या ग्रंथांपेक्षा परक्यांच्या औषधिकोशांत अधिक नेटकी सापडते. फ्ल्युकिगर आणि हॅनबरी यांच्या १८७४ साली लंडनला प्रसिद्ध झालेल्या 'फार्माकोग्राफिया'त कोकमाच्या तेलावर स्वतंत्र टिपण आहे. बाजारात मिळणाऱ्या अंडाकृती गोळ्यांचे वर्णनही त्यात आहे. गोळ्याचा आकार त्यांनी टिपला. तो ज्या मुठीने दिला तिच्यापर्यंत मात्र ते टिपण जात नाही.

गरिबांच्या तेलाला साहित्यात मुळीच जागा नाही, असे मात्र नव्हे. 'शाकुंतला'त दुष्यंताला आश्रमाची सीमा ओळखू येते ती इंगुदीची फळे फोडून तेलकट झालेल्या दगडांवरून. हरणाच्या पाडसाचे तोंड दर्भाने चिरले, तेव्हा शकुंतला त्याला लावते तेही इंगुदीचेच तेल. आणि हेच तेल माखलेल्या तपस्व्याच्या डोक्याची विदूषक थट्टा करतो. म्हणजे एकच तेल आश्रमात औषध आणि दरबारी माणसाच्या तोंडी विनोद. तेलाची प्रतिष्ठा ते कोण लावते यावर ठरते, हे कालिदासाला चांगले उमगले होते. (परीक्षेत यावर प्रश्न कधी येत नाही. असो.)

चेहऱ्याला रात्री तेल लावावे, ही कल्पना तरी किती जुनी? वाग्भट 'अष्टांगहृदया'त रोज अभ्यंग करावा म्हणतो आणि डोके, कान व पाय यांचा विशेष उल्लेख करतो. चेहऱ्याचे नाव त्या ठिकाणी नाही. आमच्या घरांतून रात्रीचे तेल असे ते तळपायाचे, काशाच्या वाटीने घासलेले. चेहऱ्यावर हात फिरे तो बहुधा उरलेल्या तेलाचा. आमच्यापैकी एकीची आजी हिवाळ्यात मुठेलाचा कण तळहातावर चोळून आधी ओठांना, मग गालांना, शेवटी टाचांना लावी. तीत 'त्वचेची निगा' वगैरे काही नव्हते. चुलीपाशी दिवसभर बसून कातडी तडकते, एवढेच.

मग मुठेल गालावरून उतरले कधी? आमच्या मते चाकरमान्यांच्या ट्रंकेतून 'स्नो' आला तेव्हा. मालवण-सावंतवाडीकडची माणसे गिरणगावात गेली. गणपतीला आणि मे महिन्यात परतताना साबण, पावडर, स्नो घेऊन आली. मुंबईत ई. एस. पाटणवाला यांनी काढलेला 'अफगाण स्नो' हे त्यांतले गाजलेले नाव. स्नो पांढरा, सुवासिक, लावताच दिसेनासा होणारा. मुठेलाला ना वास, ना डबी. गंमत अशी, की अशा स्नोचा मुख्य घटक स्टिअरिक आम्ल असे, आणि मुठेलात निम्म्याहून अधिक वाटा त्याच आम्लाचा. रसायनशास्त्राच्या दृष्टीने ही दोघे एकाच कुळातली. पण एक आरशापाशी बसले आणि दुसरे उंबऱ्याबाहेर पायांपाशी.

खोबरेलाचे प्राक्तन निराळे. किनाऱ्यावर नारळ म्हणजे रोकड, त्यामुळे खोबरेल इथे नेहमीच मुठेलाहून मानाचे. ते खायचे की लावायचे, हा प्रश्न आजीला कधी पडला नाही. तो पडला करखात्याला. लहान बाटलीतले खोबरेल खाद्यतेल की केशतेल, यावर सर्वोच्च न्यायालयात २०१८ साली दोन न्यायमूर्तींचे मत दुभंगले, आणि अखेर १८ डिसेंबर २०२४ रोजी तीन न्यायमूर्तींच्या पीठाने, केशतेल म्हणून विकले जात नसेल तर ते खाद्यतेलच, असा निर्णय दिला. पुढे २०२५ मध्ये खोबरेलाचे भाव असे कडाडले, की 'स्वस्त' हे विशेषण त्याला लावणे कठीण झाले.

मुलीच्या प्रश्नाला उत्तर देणे भागच होते. खोबरेल तेलकट, मुरुमाळ त्वचेची रंध्रे बुजवते, असे त्वचेचे डॉक्टर बजावतात. तिला मुरुमे होती, तेव्हा ते बाद. उंडीचे तेल पूर्वी दिव्यात जळे, होडीच्या लाकडाला लागे. आज तेच 'तमानू' या पॉलिनेशियन नावाने थेंबाथेंबाने महाग विकले जाते. ते उग्र वासाचे आहे आणि काहींच्या अंगावर त्याने पुरळ उठते. म्हणून चेहऱ्यासाठी आम्ही ते सुचवले नाही. राहिले मुठेल. ते शरीराच्या उष्णतेच्या जरा वर वितळते, म्हणून बोटांवर चोळून मऊ करावे लागते. तांदळाच्या दाण्याएवढे पुरते. चेहरा धुऊन किंचित ओला असताना लावावे, आणि पहिले दोन-तीन दिवस कानामागे लावून पाहावे. मुरुमे वाढली तर सोडून द्यावे. इतकेच आमचे वैद्यक.

याच मुठेलाला परदेशी वाट कशी मिळाली, तेही पाहण्यासारखे आहे. युरोपीय संघाने २००० साली चॉकलेटात कोकोच्या लोण्याखेरीज ज्या सहा वनस्पतिज स्निग्धांना मर्यादित मुभा दिली, त्यांत शिया, साल यांच्याबरोबर कोकमही आहे. सिंधुदुर्ग व रत्नागिरीच्या कोकमाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. या दोन्ही कागदांवर 'मुठेल' हा शब्द नसावा, याचे आम्हांस नवल वाटत नाही. खंत मात्र वाटते. रातांबा कोकम झाला, मुठेल 'बटर' झाले, आणि आमच्या विद्यार्थिनीला आपल्याच घरातली वस्तू ओळखू आली नाही.

पुढच्या सोमवारी ती तासानंतर थांबली. वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळलेला एक गोळा तिने आमच्या मेजावर ठेवला. आजीने दोन वर्षांपूर्वी वळलेला. त्यानंतर गुडघ्यांमुळे बिया कुटणे जमलेले नाही. गोळा पिवळसर पांढरा, दगडासारखा घट्ट, आणि एका अंगाला चार बोटांचे ठसे. "यंदा बिया मी फोडते म्हटलं," ती म्हणाली, "पण आजी म्हणते, आधी परीक्षा दे."