चूल, स्टोव्ह आणि सिलिंडर

मोहिमा, तह आणि वंशावळी यांनी इतिहासाची पाने भरलेली असतात; स्वयंपाकघरातील सरपणाला त्यांत क्वचितच जागा मिळते. वास्तविक सरकार आणि गरीब घर यांची रोजची गाठ चुलीपाशीच पडते. थंड देशांत घर उबदार ठेवण्याचा खर्च गरिबाला पेलत नाही. आपल्याकडे तोच पेच अन्न शिजविण्याचा आहे.

मराठवाड्यात पऱ्हाट्या, तुराट्या आणि गोवऱ्या यांवर पिढ्यान् पिढ्या भाकरी भाजली गेली. या जळणाला पैसा फारसा पडत नसे. त्याचे मोल बायका पायपिटीने आणि धुराने चुरचुरणाऱ्या डोळ्यांनी चुकवीत. शहरात आलेल्या कष्टकऱ्याला मात्र ही सोय नव्हती. त्याच्या खोलीत रॉकेलचा स्टोव्ह आला. १९७३ च्या अखेरीस अरब-इस्रायल युद्धानंतर खनिज तेलाचे भाव काही महिन्यांत सुमारे चौपट झाले. अशा महागाईची झळ या स्टोव्हला लागू नये, म्हणून पुढील काळात सरकारने शिधापत्रिकेवरील रॉकेल स्वस्त ठेवले.

परंतु एकाच मालाचे दोन भाव झाले की मधल्या मध्ये चोरवाट तयार होतेच. गरिबांचे रॉकेल डिझेलमध्ये मिसळले जाऊ लागले. ते ओळखू यावे म्हणून त्याला निळा रंग दिला, तरी चोरी थांबली नाही. औरंगाबादचा लोहमार्ग जेथे मुंबईच्या मार्गास मिळतो, त्या मनमाडजवळ, पानेवाडी येथे, २५ जानेवारी २०११ रोजी ही चोरी पकडू पाहणारे मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना जिवंत जाळण्यात आले. चुलीचा इतिहास तो दिवस वगळून लिहिता यावयाचा नाही.

पुढे मदतीची तऱ्हा बदलली. वस्तू स्वस्त न देता पैसा बँक खात्यात घालावयाचा, असे ठरले. मे २०१६ मध्ये उज्ज्वला योजना निघाली. प्रत्येक जोडणीमागे सरकार १,६०० रुपये देई. शेगडी आणि पहिला सिलिंडर उधारीवर मिळे आणि ती उधारी अनुदानातून वळती होई. ७ सप्टेंबर २०१९ रोजी औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, बचतगटांच्या महिला मेळाव्यात पंतप्रधानांनी आठ कोटीवी जोडणी दिली. उद्दिष्ट ठरल्या मुदतीच्या सात महिने आधी पुरे झाले. ही कामगिरी लहान नव्हे. मात्र त्याच वर्षाच्या डिसेंबरात महालेखापरीक्षकांचा अहवाल आला. त्यात या कुटुंबांचा वापर वर्षाला सरासरी ३.२१ सिलिंडर इतकाच दिसला. शेगडी घरात आली होती. विस्तव अजून पुष्कळदा जुन्याच चुलीत होता.

याचे कारण हिशेबात आहे. रॉकेल बाटलीभर आणता येई. १४.२ किलोच्या सिलिंडरला सारी रक्कम एकदम मोजावी लागते, आणि अनुदान मागाहून खात्यात येते. हातावर पोट असलेल्यास ‘आधी द्या, मग घ्या’ ही मदत अर्धीच पोचते. मे २०२२ मध्ये सिलिंडर हजार रुपयांवर गेला. त्याच महिन्यात उज्ज्वला कुटुंबांना प्रत्येकी २०० रुपयांची सूट जाहीर झाली, ती ऑक्टोबर २०२३ मध्ये ३०० रुपये झाली. २०२४ मध्ये महाराष्ट्राने वर्षाला तीन सिलिंडर मोफत देण्याचे ठरविले. पण तेथेही रक्कम खात्यातच जमा व्हावयाची. अमेरिकेत १९८१ पासून चालत आलेल्या इंधनसाहाय्यात पैसा बहुधा थेट पुरवठादारास दिला जातो, आणि गरिबाचे बिल तेवढे कमी होते.

स्वस्त मालाने चोरांना वाट दिली, हे खरे. खात्याने ती बरीचशी बुजविली, हेही खरे. मात्र चोरी टाळण्याचा भार आता त्या बाईच्या कनवटीवर येऊन पडला आहे. सिलिंडर दारात उतरतो त्या घटकेसच सूट वजा झाली, पाच किलोचा लहान सिलिंडर कोपऱ्यावरच्या दुकानात सहज मिळाला, तर तिला पऱ्हाट्यांचा भारा पुन्हा डोक्यावर घ्यावा लागणार नाही.